‘रिव्हर रेड’ : टाकी भरायची की उडवायची?

गिरगावातील आमच्या चाळीत १९९० च्या सुमारास टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र पहिल्यांदा आले, तेव्हा त्यातील विमानाच्या खेळाला ‘रिव्हर रेड’ म्हणतात, असे माझ्या थोरल्या चुलतभावाने सर्वांना सांगितले. इंग्रजीतली रंगांची नावे तेवढी आम्हाला पाठ होती आणि काकांच्या घरचा टीव्ही कृष्णधवल होता. त्यामुळे पडद्यावर राखाडी दिसणारी ती नदी प्रत्यक्षात लाल असणार, याविषयी मजल्यावरील एकाही मुलाला शंका आली नाही. ‘रेड’ म्हणजे धाड, वर्तमानपत्रात प्राप्तिकर खात्याची छापून येते तीच, हे समजायला काही वर्षे गेली. नदी निळी, काठ हिरवे आणि आपले विमान पिवळे आहे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेव्हा तर माझे कॉलेज संपत आले होते.

गेल्या दिवाळीत बहिणीचा मुलगा परदेशातून आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी अटारी २६००+ हे यंत्र आणि ‘रिव्हर रेड’ची एक जुनी, कोपरा उडालेली कॅसेट आणली. १९७७ मध्ये निघालेल्या मूळ अटारी २६०० ची ही नवी आवृत्ती २०२३ मध्ये बाजारात आली. ती एचडीएमआय वायरने आजच्या टीव्हीला जोडता येते आणि जुन्या कॅसेटी तिच्यात चालतात. तेव्हापासून कांदिवलीच्या आमच्या घरात हा खेळ जवळजवळ रोज रात्री लागतो. पुढील परीक्षण त्या खेळण्यावर आधारलेले आहे, मात्र ते एकट्या माझ्या मताचे नाही. भाचा, आता बदलापूरला राहणारा तो थोरला चुलतभाऊ, माझ्या कार्यालयातील एक सहकारी आणि चाळीतील ज्या मंडळींचे या खेळाविषयीचे आग्रह मला अजून आठवतात ती मंडळी, अशा सर्वांची बाजू मी येथे मांडणार आहे, कारण या खेळावरून जितके वाद मी ऐकले तितके कॅरमच्या राणीवरूनही ऐकलेले नाहीत.

खेळ सांगायला सोपा आहे. पडद्याच्या खालच्या बाजूला तुमचे विमान असते आणि वरून खाली नदी सरकत येते. जॉयस्टिक डावी-उजवीकडे नेली की विमान त्या बाजूला सरकते, पुढे ढकलली की वेग वाढतो, मागे ओढली की कमी होतो. पण थांबता येत नाही आणि मागे फिरता येत नाही. नदीचे पात्र कधी ऐसपैस असते, कधी बोळाइतके चिंचोळे, आणि मधे बेट आले की त्याच्या कोणत्या बाजूने जायचे हे आधीच ठरवावे लागते. काठाला पंख लागला की विमान गेले. वाटेत जहाजे, हेलिकॉप्टर आणि आडवी जाणारी जेट विमाने येतात. जहाजाला ३०, हेलिकॉप्टरला ६० आणि जेटला १०० गुण मिळतात. ठरावीक अंतराने संपूर्ण पात्र अडवणारा पूल येतो. तो उडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्याचे ५०० गुण मिळतात, आणि विमान पडले तर शेवटचा उडवलेला पूल जेथे होता तेथून पुन्हा सुरुवात होते. दर दहा हजार गुणांना एक विमान जादा मिळते. एवढ्यावर खेळ थांबला असता, तर १९८२ च्या शेकडो खेळांत तो केव्हाच विसरला गेला असता.

तो विसरला गेला नाही, याचे कारण इंधन आहे. पडद्याच्या तळाशी इंधनाचा काटा असतो आणि तो सतत खाली येत असतो. नदीत मधूनमधून इंधनाच्या टाक्या येतात, ज्यांवर इंग्रजीत ‘फ्युएल’ अशी उभी अक्षरे असतात. टाकीवरून विमान नेले की इंधन भरते. सावकाश नेले तर जास्त वेळ टाकीवर राहता येते आणि जास्त भरते. पण हीच टाकी गोळी मारून उडवताही येते, आणि उडवली की ८० गुण मिळतात, म्हणजे हेलिकॉप्टरपेक्षा वीस जास्त. ज्या वस्तूवर तुमचा जीव अवलंबून आहे, तीच वस्तू फोडल्याबद्दल खेळ तुम्हाला बक्षीस देतो. शिवाय जसजसे पुढे जावे, तसतशा टाक्या विरळ होत जातात. गोळीबाराचे खेळ त्या काळात पुष्कळ होते. पण ‘गोळी मारू की नको’ हा प्रश्न दर काही सेकंदांना विचारणारा दुसरा खेळ निदान माझ्या हाती तोपर्यंत आलेला नव्हता.

आमच्या चाळीत या प्रश्नावर तीन पंथ होते. दादाचा, म्हणजे चुलतभावाचा, पंथ सनातनी होता: टाकी उडवणे म्हणजे अन्नाला लाथ मारणे. ज्या घरात पहाटे दोन तास येणारे पाणी पिंप, कळशी, तांब्या, मिळेल त्या भांड्यात भरून ठेवले जाते आणि रॉकेलसाठी रेशनच्या दुकानापुढे डबा लावून रांग धरली जाते, त्या घरातील मुलाचे दुसरे मत होणे कठीणच होते. काटा पूर्ण भरलेला असला तरी दादा प्रत्येक टाकीवरून जायचा, आणि ‘भरलेल्या टाकीत अजून काय भरणार?’ असे विचारणाऱ्याला हात लावू द्यायचा नाही. दुसरा पंथ तिसऱ्या मजल्यावरील एका मुलाचा होता. त्याच्या लेखी पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट फोडण्यासाठीच होती. त्याचे गुण झपाट्याने चढायचे आणि तिसऱ्या-चौथ्या पुलाच्या पुढे, धोक्याची घंटा वाजत असताना, त्याचे विमान रिकाम्या काट्याने पडायचे. तरीही गुणांच्या वहीत त्याचे नाव अनेकदा दादाच्या वर असायचे, ही गोष्ट दादाला आजही बोचते.

तिसरा पंथ शेजारच्या काकांनी काढला. ते एका बँकेत रोखपाल होते आणि मुले झोपल्यावर, आवाज बंद करून, ‘जरा बघतो’ म्हणून खेळायला बसत. त्यांनी एका रात्री पाटीवर हिशेब मांडून दाखवला होता. एक जादा विमान दहा हजार गुणांना मिळते, टाकीचे ८० गुण. म्हणजे एका विमानाची किंमत सव्वाशे टाक्या. इंधनावाचून एक विमान गमावले, तर त्याआधी उडवलेल्या सव्वाशे टाक्यांचे गुण पाण्यात गेले. म्हणून काटा अर्ध्याच्या वर असेल आणि पुढे दुसरी टाकी दिसत असेल, तरच पहिली उडवावी. दोन टाक्या लागोपाठ आल्या, तर पहिलीवरून भरून घ्यावे आणि दुसरी उडवावी. अर्ध्याच्या खाली बोटच उचलावे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते आणि भागाकार नुकता शिकले होते. शाळेबाहेर त्याचा काही उपयोग होतो, हे मला त्या पाटीवर पहिल्यांदा दिसले. आज तीन-चार महिने पुन्हा खेळल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की काकांचा नियम बहुतांशी बरोबर आहे, पण तो पडद्यावर पुढचे दिसते असे गृहीत धरतो. वेग वाढवला की दुसरी टाकी दिसेपर्यंत पहिली मागे गेलेली असते.

भाच्याचे म्हणणे आणखी निराळे आहे, आणि ते मला कोणत्याही पंथापेक्षा जास्त पटते. तो म्हणतो, की टाकी उडवायची की नाही हे बरेचदा तुम्ही ठरवतच नाही. या खेळात एका वेळी पडद्यावर तुमची एकच गोळी असते. ती काही तरी लागेपर्यंत किंवा वर निघून जाईपर्यंत दुसरी सुटत नाही. बटण दाबून धरले की गोळ्या एकामागून एक सुटत राहतात, आणि खेळाची सुरुवातीची रचना ठेवली तर सुटलेली गोळीसुद्धा विमानाबरोबर डावी-उजवीकडे सरकते. त्यामुळे हेलिकॉप्टरसाठी सोडलेली गोळी, तुम्ही काठ चुकवण्यासाठी जरा बाजूला सरकलात, की टाकीवर जाऊन बसते. इंधन संपत आलेले असताना स्वतःच्याच गोळीने टाकी फुटताना पाहणे, यासारखी चरफड दुसऱ्या कोणत्याही खेळाने मला दिलेली नाही. गोळी विमानाबरोबर वळू नये असे वाटत असेल, तर यंत्रावरील डिफिकल्टीचा खटका बदलावा; मग ती सरळ रेषेत जाते. भाचा तसाच खेळतो आणि त्याच्या टाक्या माझ्यापेक्षा कमी फुटतात. एकच गोळी असण्याचा दुसरा परिणाम असा, की लांबून नेम धरणाऱ्याचे नुकसान होते आणि जवळ जाऊन मारणाऱ्याच्या हातात पुढची गोळी लवकर येते. धीट खेळाडूला फायदा करून देण्याची ही सोय मुद्दाम केलेली असो वा यंत्राच्या मर्यादेतून आलेली असो, ती फार चांगली वठली आहे.

वेगाविषयीही एक जुना वाद आहे. माझा सहकारी लहानपणी दादरला खेळायचा, आणि त्याच्या मते इंधन अंतराप्रमाणे नव्हे तर वेळेप्रमाणे संपते, म्हणून जेथे पात्र रुंद आहे तेथे सुसाट जावे आणि टाकी आली की गोगलगाय व्हावे. दादा याच्या अगदी उलट सांगायचा, कारण त्याने ज्ञान स्कूटरवाल्यांकडून घेतले होते. मी सहकाऱ्याच्या रीतीने खेळू लागल्यापासून माझे विमान इंधनावाचून क्वचितच पडते. ते आता काठावर आपटून पडते.

या सर्व वादांपेक्षा मोठा वाद नदीचा होता. दादा म्हणायचा, की त्याला नदी पाठ आहे. कोणत्या पुलानंतर बेट आहे, कोठे पात्र आवळते, कोठे डावा काठ धरायचा, हे तो यंत्र सुरू व्हायच्या आत सांगायचा, आणि आम्ही त्याला थापाड्या समजायचो, कारण इतकी लांबलचक नदी यंत्रात कोणी भरून ठेवली असेल, यावर आमचा विश्वास बसत नव्हता. आमची शंका एका अर्थी रास्त होती. नदी यंत्रात कोणीच भरून ठेवलेली नाही. या खेळाची संपूर्ण कॅसेट चार किलोबाइटची, म्हणजे ४,०९६ बाइटांची आहे. युनिकोड या संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या रूढ प्रकारात देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. त्या हिशेबाने आपण वाचत आहात त्या लेखाचे पहिले दोन-तीन परिच्छेदही त्या कॅसेटमध्ये मावणार नाहीत. यंत्राची स्वतःची कामापुरती स्मृती १२८ बाइटांची आहे. एवढ्या जागेत विमान, शत्रू, आवाज, गुण आणि मैलोन्‌मैल नदी बसवायची, तर नदीचा नकाशा साठवणे शक्यच नव्हते.

म्हणून नदी साठवलेली नाही, ती दर वेळी नव्याने काढली जाते. एका ठरलेल्या आकड्यापासून आरंभ करायचा, त्याच्या द्विमान, म्हणजे शून्य आणि एक एवढ्याच, अंकांवर एक ठरलेली उलटापालट करायची, त्यातून निघालेल्या आकड्यावरून पात्राची रुंदी आणि बेटे ठरवायची, आणि त्याच आकड्यावर पुन्हा तीच उलटापालट करून पुढे जायचे. पाहणाऱ्याला ही नदी मन मानेल तशी वाहते असे वाटते. पण आरंभीचा आकडा कधीच बदलत नसल्यामुळे गिरगावातली नदी, दादरमधली नदी आणि अमेरिकेतली नदी वळणावळणाला तीच असते. विमान पडल्यावर आपण पुन्हा त्याच पात्रात येतो तेही याचमुळे. पडद्याची डावी आणि उजवी बाजू नेहमी आरशासारखी एकमेकींशी जुळते, बेटे नेहमी मध्यभागी येतात, याचे कारण मात्र यंत्रात आहे: अटारी २६०० पार्श्वभूमीचे अर्धेच चित्र मनात धरते आणि दुसरे अर्धे त्यावरून उमटवते. ज्या मर्यादेवर दुसरा कोणी चरफडला असता, तिला नदीचे दोन काठ करून टाकणे ही माझ्या मते या खेळातील सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

दादाची परीक्षा आम्ही या जानेवारीत घेतली. फोन स्पीकरवर ठेवला, मी जॉयस्टिक धरली, आणि बदलापुरात बसून, पडदा न पाहता, तो सांगत गेला. आरंभीच्या सरळ पात्रापासून चौथ्या पुलापर्यंत त्याने सांगितलेले एकही वळण चुकले नाही; भाच्याने तर मधेच उठून खिडकीबाहेर कोणी उभे आहे का ते पाहिले. पाचव्या पुलानंतर त्याने ‘आता बेट, उजवीकडून घे’ असे सांगितले, बेट आले नाही, मी उजवा काठ घासला आणि विमान गेले. तीसहून अधिक वर्षांनंतर एवढी चूक मी माफ करते. तो मात्र माझे यंत्र बिघडले आहे असे अजून म्हणतो.

नदी पाठ होणे हा गुण की दोष, यावर खेळाडूंत एकमत नाही. सहकाऱ्याला तो दोष वाटतो. एकदा वाट कळली की उरते ती सवय, असे तो म्हणतो. मला तसे वाटत नाही. वाट ठाऊक असल्यामुळेच टाक्यांचा हिशेब पुढचे दोन पूल धरून करता येतो, आणि चाळीतल्या मुलांना एकमेकांना काही तरी सांगता येत होते. मुंबईच्या पोराला एरवी नदीचा असा परिचय होतो कोठे? आमच्या घरामागून पोईसर नदी वाहते आणि सोसायटीतील निम्मे लोक तिला नाला म्हणतात.

हा खेळ कॅरोल शॉ यांनी केला. १९५५ साली जन्मलेल्या शॉ बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकल्या, १९७८ मध्ये अटारी कंपनीत रुजू झाल्या, आणि तेथे त्यांनी त्रिमितीय फुल्ली-गोळ्याचा खेळ आणि चेकर्स तयार केले. अटारीत त्या काळी खेळ करणाऱ्याचे नाव खोक्यावर छापत नसत. या आणि मोबदल्याच्या नाराजीतून बाहेर पडलेल्या काही प्रोग्रामरांनी १९७९ मध्ये अॅक्टिव्हिजन काढली आणि करणाऱ्याचे नाव ठळकपणे द्यायला सुरुवात केली. शॉ पुढे त्या कंपनीत गेल्या. त्यांच्या मनात आधी अवकाशातील खेळ होता. तसले खेळ उदंड झाले आहेत, काही वेगळे कर, असा सल्ला मिळाल्यावर ही नदी आली. २०१७ मध्ये द गेम अवॉर्ड्स या सोहळ्यात त्यांना इंडस्ट्री आयकॉन हा सन्मान देण्यात आला. आमच्या काकांच्या खोलीत जॉयस्टिकसाठी नंबर लागायचे, तेव्हा मुलींचे नंबर मुलग्यांची एक फेरी संपल्यावर सुरू व्हायचे, आणि तोवर बहुधा जेवणाची हाक यायची. पुरस्काराची बातमी वाचून, तो खेळ एका बाईने केलेला आहे, असे मी दादाला मुद्दाम कळवले. ‘तरीच इंधनाचा हिशेब इतका चोख आहे,’ असे त्याचे उत्तर आले. त्याला टोमणा समजलाच नाही, की समजूनच त्याने तसे लिहिले, याचा उलगडा मी अजून करून घेतलेला नाही.

एक गंमत सांगून पुढे जाते. १९८४ मध्ये पश्चिम जर्मनीत मुलांसाठी घातक ठरवलेल्या साहित्याच्या सरकारी यादीत ‘रिव्हर रेड’चा समावेश झाला; अशा यादीत जाणाऱ्या पहिल्या काही व्हिडिओ गेमपैकी तो एक होता, आणि तो तेथून २००२ मध्ये बाहेर आला. खेळाने मुलांना लष्करी वळण लागते, स्नायू आखडतात, संताप येतो आणि डोके दुखते, असा त्या निर्णयाचा आशय होता. आमच्या चाळीतील वडीलधाऱ्यांनी हाच निर्णय कोणतीही समिती न नेमता दिला होता. फक्त कारणांत डोळे बिघडणे आणि टीव्हीची पिक्चर ट्यूब जाणे यांची भर होती. स्नायूंबाबत मात्र जर्मन अधिकाऱ्यांचे म्हणणे मला नाकारता येत नाही. नव्या यंत्राबरोबर येणारी जॉयस्टिकही मूळच्या वळणाची, ताठ आणि एका बटणाची आहे, आणि अर्ध्या तासात अंगठ्याचे मूळ दुखू लागते.

आता खेळाचे दोष. पहिला म्हणजे एकसुरीपणा. दहाव्या पुलानंतर दिसणारी कोणतीही वस्तू पहिल्या दोन-तीन पुलांत दिसलेली असते. फरक पडतो तो पात्राच्या रुंदीत, शत्रूंच्या हालचालीत आणि टाक्यांच्या संख्येत. संगीत नाही. इंजिनाची घरघर, जी वेगाप्रमाणे चढते-उतरते, इंधन भरतानाचा टिकटिकाट आणि इंधन संपत आल्याची घंटा, एवढेच आवाज आहेत. ते कामाचे आहेत, पण शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला ते सहन होत नाहीत. माझ्या यजमानांनी याविषयी लेखी तक्रार करायचेच बाकी ठेवले आहे. दुसरा दोष जेट विमानांचा. जहाजे आणि हेलिकॉप्टर पात्रात राहतात, पण जेट काठांची पर्वा न करता पडद्याच्या कडेतून आडवे येते, आणि तुम्ही वेगात असाल तर त्याला चुकवण्याइतका अवधी मिळत नाही. तेथे कौशल्य संपते आणि नशीब सुरू होते. दोघांनी खेळायची सोय आहे, पण ती आळीपाळीची. आणि शेवट म्हणावा असा शेवट नाही: गुण दहा लाखांवर पोहोचले की आकड्यांच्या जागी उद्गारचिन्हे येतात आणि खेळ संपतो. माझ्या ओळखीत तेथवर कोणी गेलेले नाही.

पुढच्या खेळांशी तुलना केली तर हे दोष अधिक उठून दिसतात. कॅपकॉमचा ‘१९४२’ हा खेळ ‘रिव्हर रेड’नंतर दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये आला. त्यात बत्तीस टप्पे आहेत, विमान कोलांटी घेऊन गोळ्या चुकवू शकते आणि वाटेत जादा शक्ती उचलता येते. माझ्या सहकाऱ्याने व्हिडिओ गेम पार्लरमध्ये त्याच्यावर किती रुपये घातले, हे तो आजही पत्नीसमोर सांगत नाही, आणि त्याच्या मते वरून खाली सरकणाऱ्या विमानाच्या खेळांचा विषय निघाला तर ‘१९४२’ च्या पुढे दुसरे नाव घेऊ नये. भाचा तर त्याहून अलीकडच्या, संपूर्ण पडदा गोळ्यांनी भरून टाकणाऱ्या जपानी खेळांवर वाढला. त्याला ‘रिव्हर रेड’चा पडदा रिकामा वाटतो आणि पंधरा मिनिटांच्या वर तो सलग खेळत नाही. दोघांचेही म्हणणे मला समजते. पण त्या खेळांत शक्ती वाढत जाते, आणि येथे ती सतत कमी होत असते. तेथे चुकलो तर शत्रूच्या गोळीने, येथे बहुतेक वेळा आपल्याच निर्णयाने. मला दुसरा प्रकार अधिक आवडतो, हे कदाचित रॉकेलच्या रांगेचे संस्कार असतील. १९८८ मध्ये डेव्हिड लुबर यांनी केलेला ‘रिव्हर रेड २’ निघाला होता; तो मी थोडा खेळून पाहिला आणि पुन्हा पहिल्याकडे वळले.

खरेदीविषयी थोडेसे. आमच्या काकांनी लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून जे यंत्र आणले होते, ती अटारीची नक्कल होती. खोक्यावर शंभराहून अधिक खेळ असल्याचा दावा होता, प्रत्यक्षात निरनिराळ्या क्रमांकांखाली तेच तेच खेळ पुन्हा येत, अडॅप्टर तासाभरात इतका तापे की त्यावर ओला रुमाल घालण्यापर्यंत मुलांची मजल जाई, आणि हमी दुकानाच्या पायरीपर्यंतची होती. आज जुन्या बाजारात अशी यंत्रे दिसली तरी घेऊ नयेत, असेच मी सांगेन. अटारी २६००+ बाजारात आले तेव्हा त्याची किंमत अमेरिकेत सुमारे १३० डॉलर होती. केवळ एका खेळासाठी ती जास्त आहे, पण घरात जुन्या कॅसेटी असतील तर रास्त आहे. त्याच्या मागील बाजूस चित्राची रुंदी बदलण्याचा खटका आहे. तो ४:३ वरच ठेवावा, कारण १६:९ वर नदी फताडी आणि विमान जाडे दिसते आणि काठाचा अंदाज चुकतो. ज्यांना एवढा खर्च करायचा नाही, त्यांनी संगणकावर स्टेला हा मोफत एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, वापरावा. मात्र ‘रिव्हर रेड’ कीबोर्डवर खेळणे म्हणजे हातमोजे घालून पुरणपोळी लाटणे आहे, तेव्हा निदान एखादी साधी यूएसबी जॉयस्टिक जोडावी. नवख्याने पहिल्या पुलापासूनच सुरुवात करावी. पाचव्या, विसाव्या किंवा पन्नासाव्या पुलापासून आरंभ करायची सोय खेळात आहे. पन्नासाव्या पुलावरचा माझा मुक्काम आजवर कधीही अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त झालेला नाही.

मूळ कॅसेट निघाली त्या काळात, १५,००० गुण झाल्यावर टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून अॅक्टिव्हिजनला टपालाने पाठवला, की कंपनी ‘रिव्हर रेडर्स’ असे नाव असलेला कापडी बिल्ला घरी पाठवत असे. चाळीत ही बातमी पोहोचली असती, तर फोटोच्या रोलसाठी वर्गणी निघाली असती. फेब्रुवारीत एका रात्री माझे १५,४६० गुण झाले. बिल्ला देणारे आता कोणी नाही, म्हणून मी फोटो काढून दादाला पाठवला. त्याने तो मोठा करून पाहिला असावा, कारण गुणांविषयी अवाक्षर न काढता त्याने एवढेच लिहिले, की काटा अर्ध्याच्या खाली आहे आणि वर कोपऱ्यात टाकी फुटताना दिसते आहे.